ताशी पाच रुपये, पण तास कुठे आहेत?

नाशिकहून एका 24 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरी, हातात येतात 27,500 रुपये. सोबत एक्सेल शीट जोडली आहे. तिच्यात पाच फँटसी रोल-प्लेइंग गेम्स (एक पात्र घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचे कॉम्प्युटर गेम), प्रत्येकाची किंमत, तो किती तास चालतो आणि त्यावरून ताशी भाव. बाल्डर्स गेट 3 साधारण तीस रुपये तास, द विचर 3 सेलच्या भावात पाच रुपये तास, मधे एल्डन रिंग, स्कायरिम आणि डिव्हिनिटी ओरिजिनल सिन 2. प्रश्न असा, की पाचही सेलमध्ये साडेसात हजारांत मिळत असतील तर एकदमच घ्यावेत का? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: बाल्डर्स गेट नीट चालावा म्हणून 84,000 चा लॅपटॉप बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला तर चालेल का?

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, पण आधी शीटबद्दल.

शीट मन लावून केलेली आहे. माझे पगारदार ग्राहक म्युच्युअल फंड निवडतानाही इतके रकाने भरत नाहीत. फक्त एक रकाना राहून गेलाय: हे तास तुम्ही आणणार कुठून? तुम्हीच लिहिता की सेकंड शिफ्ट असली की खेळणं होत नाही आणि एकूण सरासरी आठवड्याला सहा तास मिळतात. म्हणजे वर्षाला तीनशे-सव्वातीनशे. पाच गेम्सच्या तासांची बेरीज तुमच्याच शीटप्रमाणे साडेपाचशेच्या पुढे जाते. साडेसात हजार आज द्यायचे आणि शेवटचा गेम संपायचा पावणेदोन वर्षांनी! दिवाळी अंक कुणी पानांच्या भावाने घेत नाही. मी दरवर्षी सहा घेते आणि दोन वाचते, तेव्हा हे मी अनुभवाने बोलतेय.

शिवाय गेम ही थांबलं की स्वस्त होणारी वस्तू आहे. विचर 3 मे 2015 मध्ये आला. आता दोन्ही विस्तारांसकट (म्हणजे नंतर आलेल्या जोडकथांसकट) सेलमध्ये त्याची किंमत तीन आकड्यांवर येते. स्कायरिम तर 2011 चा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचे मोठे सेल वर्षातून चार वेळा येतात, उन्हाळ्यातला जूनअखेरीस आणि हिवाळ्यातला डिसेंबरात. बाल्डर्स गेट 3 मात्र ऑगस्ट 2023 चा असूनही फार उतरत नाही. 2,999 वर वीस-पंचवीस टक्के सूट मिळाली तरी पुष्कळ. त्यामुळे ‘सेल चुकला तर?’ ही धास्ती सोडा. जो गेम त्याच रात्री सुरू करणार नाही, त्याचे पैसे तुमच्याच खात्यात राहू द्या.

आता लॅपटॉप. सध्याच्या मशिनमध्ये जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी, त्यात रिकामी जागा 110 जीबी. ग्राफिक्समधलं मला कळत नाही, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याला बसवून घेतलं. बाल्डर्स गेट 3 ला किमान जीटीएक्स 970 मागतात, तुमचं कार्ड त्याच्या किंचित खाली. सेटिंग खाली आणलं तर चालेल, पण शिफारस आहे आरटीएक्स 2060 सुपर आणि 16 जीबी रॅमची. आणि जागा लागते 150 जीबी, तीही एसएसडीवरच. म्हणजे विकत घ्यायच्या आधीच चाळीस जीबी साफसफाई आली. खोलीत वायफाय आहे म्हणून बरं, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तो उतरवायला शंभर दिवस लागले असते.

‘घेऊन बघतो, नाही चालला तर परत’ हा तुमचा बेतही या गेमला नीट लागू पडत नाही. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पुतण्याने सुरुवातीला आपल्या पात्राचं नाक, केस आणि कपाळावरची खूण ठरवण्यातच पन्नास मिनिटं घालवली होती आणि घड्याळ तेव्हाही चालूच होतं! गेमचा सगळ्यात जड भाग तिसऱ्या अंकातल्या शहराचा. तिथे पोचेपर्यंत कित्येक डझन तास उलटलेले असतात, तेव्हा मशिनने मान टाकली तर परतीची खिडकी कधीच बंद झालेली.

म्हणून 84,000 चा लॅपटॉप? तुमचा महिना मांडून बघू. घरी 8,000, खोली आणि मेस 9,500, एसआयपी 3,000, आरडी 2,000, पेट्रोल-मोबाइल-किरकोळ 3,000. उरतात 2,000. हप्ता 7,000 चा. एसआयपी आणि आरडी दोन्ही बंद केल्या तर बरोबर 7,000 जमतात, वर एक रुपया उरत नाही. हाताशी ठेवलेले 35,000 हे तुमच्या दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरणारे नाहीत. वर्षभरात एकदा दात दुखला की क्रेडिट कार्डाचं फिरतं व्याज सुरू.

आणि ‘नो-कॉस्ट’वर जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं. होतं असं, की व्याजाइतकी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते आणि बँक तेच व्याज हप्त्यातून घेते. 15 टक्के दर धरला तर तुमच्या 84,000 मध्ये साधारण 6,450 रुपये व्याजाचे आहेत. त्यावर 18 टक्के जीएसटी तुमच्या माथी, म्हणजे साडेअकराशेच्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला बहुधा नाही, ते आणखी निराळं. तीन हजारांच्या गेमपायी हे सगळं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माझं मत सांगते. विचर 3 ची पूर्ण आवृत्ती सेलमध्ये घ्या आणि बाकी चार राहू द्या. तुमच्या कार्डावर तो आरामात चालतो, जागा पन्नासेक जीबी लागते. सुरू करताना ग्राफिक्स कशावर चालवायचे ते विचारतात, तिथे डायरेक्टएक्स 11 निवडा, 12 नको, असं पुतण्या सांगतो. विस्तारांसकट दीडशे तास धरले तर तुमच्या चालीने सहा महिने जातील. एल्डन रिंगमध्ये सोपी-अवघड पातळी निवडायची सोयच नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस एकाच राक्षसाकडून तीस वेळा मरण्यात सुख मानतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी थांबले असते.

त्या सहा महिन्यांत उरणाऱ्या 2,000 तले 500 ‘चैन’ म्हणून वेगळे ठेवा. सहा महिन्यांत 3,000, म्हणजे बाल्डर्स गेटचे पैसे सूट नसली तरी तयार. उरलेल्या 1,500 ची नवी आरडी लॅपटॉपच्या नावाने करा. दीड वर्षात 27,000 आणि वरचं व्याज, त्यात दिवाळीचा बोनस घाला. तोवर सध्याचा लॅपटॉप पाच वर्षांचा होईल आणि तो तसाही बदलावाच लागेल.

रूममेट म्हणतो की गेन्शिन इम्पॅक्ट फुकट आहे, तोच खेळ. या सल्ल्याला मी सगळ्यात जास्त घाबरते. त्यात हवं ते पात्र सोडतीतून मिळतं. पाच ताऱ्यांचं, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्र निघण्याची शक्यता दर ओढीला (म्हणजे एका सोडतीला) 0.6 टक्के. नव्वदाव्या ओढीला ते हमखास येतं, पण तुम्हाला हवं तेच येईल असं नाही, नशीब फिरलं तर 180 पर्यंत जावं लागतं. एका ओढीला 160 प्रिमोजेम्स (हे त्या खेळातलं चलन), नव्वद ओढींना 14,400. खेळून ती साठतात, पण सावकाश, आणि शेजारीच विकतची बाटली ठेवलेली असते. तुमच्या शीटमधल्या गेम्सना निदान किंमत तरी लिहिलेली आहे. गेन्शिनच्या रकान्यात काय लिहाल?

टेलिग्रामवर 199 ला मिळणारं ‘शेअर्ड अकाउंट’ घेऊ नका. स्टीमच्या नियमांत खातं विकणं बसत नाही. खातं गेलं तर गेमही जातो आणि विकणाऱ्याचा नंबरही लागत नाही.

वडील ‘सरकारने गेमिंग बंद केलंय’ म्हणतात, त्यांना सांगा की 2025 च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. एकदाच किंमत देऊन घरी खेळायचा गेम त्यात येत नाही. ते वेळ वाया जाण्याबद्दल बोलत असतील तर तो वाद तुम्ही दोघांनी मिटवा. एसआयपी चालू आहे आणि घरी 8,000 जातायत तोवर महिना पाचशेच्या चैनीवर माझा आक्षेप नाही.

ताजा कलमात तुम्ही विचारलंय की बाल्डर्स गेट घेतलाच तर पहिल्या खेपेला कोणता क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडू. मी हा प्रश्न पुतण्याकडे दिला, तो तासभर बोलला. त्यातलं मला एवढंच कळलं: पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) घ्या, आणि नाकावर पन्नास मिनिटं घालवू नका.