रोज सकाळी दुखणारं पोट

पत्र: ताई, मुलगा 12 वर्षांचा, सातवीत आहे. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. स्कूलबस निघून गेली की अर्ध्या तासात बरा होतो. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. पूर्वी अंधार पडेपर्यंत क्रिकेट सोडत नसे, आता बॅट माळ्यावर पडली आहे. धाकटीवर सारखा खेकसतो. गणिताच्या वहीचं एकेक पान तीन-तीनदा फाडून लिहितो. सासूबाई दृष्ट काढतात. ह्यांचं म्हणणं, नाटकं आहेत, दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ होईल. परवा चिडून म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." मुलं रागात असं बोलतातच ना?
— एक आई

उत्तर: ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. ते रागाच्या भरात आलं असेलही, पण तसं धरून चालू नका. आजच त्याला एकट्याला घेऊन बसा आणि सरळ विचारा, "तुला जगू नये असं वाटतं का? मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. मनात साठलेलं बोलायला त्याला वाट मिळते. तो "हो" म्हणाला, तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उत्तर काहीही येवो, घरात फवारणीचं औषध, उंदराचं औषध, सासूबाईंच्या गोळ्या असतील तर आजच कुलपात ठेवा.

आता पोटाचं. बस गेल्यावर दुखणं थांबतं, म्हणून घरात सगळ्यांना ते खोटं वाटतंय. मला तर त्यातूनच भीतीचा संशय येतो. भीती वाटली की छाती धडधडते तसं पोटही आवळतं, मळमळतं. धास्तावलेल्या मुलाचं पोट खरोखर दुखतं आणि धास्ती टळली की खरोखर थांबतं. सोनोग्राफीत भीती दिसत नाही. पण रोज घरी ठेवलं, तर शाळेची भीती वाढत जाते. म्हणून कारण शोधायचं आणि त्याला हळूहळू शाळेतही पाठवायचं. वर्गशिक्षकांना भेटा. दिवाळीनंतर काय बदललं? कुणी चिडवतं, मारतं का? बसमध्ये काही घडतं का? कुणी नको तिथे हात लावला का, हेही त्याला शांतपणे विचारा.

उदास मूल कोपऱ्यात रडत बसेल, अशी आपली समजूत असते. या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते, म्हणून अशी मुलं "उद्धट" ठरतात आणि मार खातात. मला त्याच्या खेकसण्यापेक्षा माळ्यावर गेलेल्या बॅटची जास्त काळजी वाटते. जीव की प्राण असलेला खेळ सुटतो, झोप-भूक बदलते, मूल मित्रांना टाळतं आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तुमच्याकडे तर दिवाळीपासून चाललंय. पानं फाडणं हाही चुकण्याच्या धास्तीचा भाग असू शकतो. निदान पत्रावरून होत नाही, मी करणारही नाही.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्त कमी असणं, थायरॉईड यांनीही मूल मरगळतं, चिडतं. मग मानसोपचारतज्ज्ञ. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये हा विभाग असतो. बऱ्याच मुलांना समुपदेशनाने फरक पडतो. गोळ्या लागतीलच असं नाही, आणि लागल्या तर मनाने बंद करू नका. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 24 तास, मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं. आज रात्री घाबरलात तर रात्रीच फोन करा.

मिस्टरांना डॉक्टरांकडे बरोबर न्याच. त्यांनाही काळजी आहेच, फक्त ती रागातून बाहेर पडतेय. पण हात उगारायचा नाही, हे आजपासून ठरवून टाका. सासूबाईंनी दृष्ट काढली तर काढू द्या, त्यासाठी घरात भांडण नको. पण त्यापायी दवाखाना एक दिवसही लांबायला नको.

जाताना एका कागदावर लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या वारी जास्त असतं, सुट्टीच्या दिवशी असतं का, झोपतो किती. परवाचं ते वाक्यही त्याच्याच शब्दांत लिहा. डॉक्टरांपुढे ते बोलायला जड गेलं, तर कागद नुसता पुढे करा.