नांदूर मध्यमेश्वरला सध्या काय दिसतंय?

जानेवारीअखेर मुलांना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचंय, फ्लेमिंगो आलेत का आणि पाणमांजर दिसेल का, असं विचारलंय तुम्ही. मागच्याच आठवड्यात अभयारण्याकाठच्या चापडगावला जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं बघा. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात येतं आणि इथून कालव्यांना सुटतं. आवर्तनाच्या (शेतीसाठी पाणी सोडण्याच्या) दिवसांत पाणी चढलं की चिखल बुडतो, मग शेकाटे, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी उठून दुसरीकडे जातात. उथळ जागा उघडी पडली की परत हजर! त्यामुळे 'परवा अमुक दिसला' यावर फार विसंबू नका. फ्लेमिंगो मला या खेपेला दिसले नाहीत. आणि खरं सांगायचं तर, नुसत्या त्यांच्यासाठी जाऊच नका.

थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं भरपूर आहेत, वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) तर विचारूच नका. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी लव्हाळ्याला लागून, कमी उंचीवरून घिरटी घालत आला की इकडेतिकडे पांगलेले वारकरी झटक्यात एकमेकांना खेटून गोळा होतात. मुलांना जांभळी पाणकोंबडी नक्की दाखवा. पाणकणसाचा देठ उपटून ती एका पायाच्या लांबलचक बोटांत धरते आणि साल सोलून आतला पांढरा गाभा खाते. बघत बसावं असं काम. क्रौंच दिवसा हरभऱ्याच्या शेतांत चरतात, त्यामुळे ते बघायचे तर संध्याकाळी पाण्याकडे परतताना.

सस्तन प्राण्यांची अपेक्षा बेताचीच ठेवा. बांधावर मुंगूस दिसतं, भल्या पहाटे एखादा कोल्हा. पाणमांजर दिसणं नशिबावर. काठच्या खडकावर माशांचे खवले असलेली विष्ठा दिसली, तर स्वारी येऊन गेली असावी. बिबट्याचं मात्र गमतीवारी नेऊ नका. निफाड म्हणजे उसाचा पट्टा आणि उसात बिबट्या असतोच. अंधारात मुलांना घेऊन उसाच्या कडेने पायी फिरायचं नाही.

2020 साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाल्यापासून, राज्यातलं पहिलंच असं स्थळ म्हणून, रविवारी गर्दी फार होते. मधल्या वारी जा, उजाडताच पक्षी बघायच्या मनोऱ्यावर पोचा. स्वेटर-कानटोपी विसरू नका, निफाडची थंडी आहे ती. आणि चापडगावचा एखादा स्थानिक गाईड घ्याच. कालपरवा कुठला चिखल उघडा पडलाय, हे त्याला बरोबर माहीत असतं.