लकवा बरा झाला तरी सासरे सारखे दमतात. प्रतिकारशक्तीमुळे असं होतं का?

हातभार असू शकतो. पक्षाघातात मेंदूच्या पेशी मेल्या की प्रतिकारयंत्रणा साफसफाईला धावते आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे दाह वाढवणारे रेणू सुटतात. तापात अंग गळून जातं ना, त्यामागेही हेच रेणू. काहींच्यात हा दाह रेंगाळतो, असा कयास आहे. पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून ‘इम्युनिटी बूस्टर’ काढे पाजू नका. इथे यंत्रणा कमजोर नाही, चेतलेली असू शकते!

आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर तपासा. घोरणं, उदासी, बीपीच्या गोळ्या हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि सोलापूरच्या एप्रिलात सिद्धेश्वर तलावाकडची फेरी सकाळी सातच्या आत उरका, मधे बाकावर टेकत.