सुरुवात कार्बनपासून नको
धातूत तंतू घालून कंपोझिट करायचं तर कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम ही जोडी कागदावर झकास दिसते, पण पहिला नमुना तिचा करू नकोस. वितळलेलं ॲल्युमिनियम कार्बनला सहजी भिजवत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं थेंब धरून बसतं. भिजावं म्हणून तापमान चढवलंस की ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, वर दमट हवेत तुकडा आतून पोखरतं. तंतूंवर निकेलचा मुलामा वगैरे उपाय आहेत, पण ते पुढचं.

त्यापेक्षा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) आखूड तंतूंचा प्रीफॉर्म, म्हणजे आधीच आकार दिलेला सच्छिद्र ठोकळा घे आणि स्क्वीझ कास्टिंग कर, म्हणजे वितळलेला धातू दाबाने त्यात शिरव. टोयोटाने १९८०च्या दशकात डिझेल पिस्टनच्या रिंगच्या खाचेशी असलंच मटेरियल वापरलं होतं. प्रीफॉर्म आणि डाय (साचा) दोन्ही नीट तापव. गार प्रीफॉर्ममध्ये धातू वाटेतच गोठतो आणि गाभा धातूविना कोरडा राहतो. दाब सावकाश चढव, नाहीतर धातू आत शिरण्याआधी प्रीफॉर्मच चेपतो. चिमट्यापासून साच्यापर्यंत सगळं ठणठणीत कोरडं हवं. थोडी ओल राहिली तरी धातू अंगावर उडतो, इथे चालढकल नाही.

टेन्साइल टेस्टची (ताणून ताकद मोजण्याची) घाई नको. आधी तुकडा मधोमध काप, पॉलिश कर, मायक्रोस्कोपखाली बघ. कडा कुणाच्याही चांगल्या येतात, मधला भाग बघ.