वाचक विचारतात : कमरेचं घड्याळ, पावलं आणि श्वास

प्रश्न : भाताचा तरवा (रोपं) काढून लावणी उरकली त्याला आठ दिवस झाले, तरी सकाळी कंबर लाकडासारखी असते. शेजारणीने 'कमरेचं घड्याळ' करायला सांगितलं. रोज तीस-चाळीस वेळा करते, पण दुखणं वाढतंय. चुकतंय कुठे?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : चूक त्या 'तीस-चाळीस वेळा'मध्येच आहे. हे घड्याळ म्हणजे उताणं झोपून कमरेचं वजन मनातल्या तबकडीवर फिरवायचं. मोशे फेल्डेनक्राइस (1904–1984) यांच्या हालचालींच्या पाठांपैकी, म्हणजे धड्यांपैकी, हा एक. ते भौतिकशास्त्रज्ञ होते, ज्युदो खेळत. गुडघा दुखावल्यावर चालण्या-वळण्याचा बारकाईने विचार करता करता त्यांनी हे पाठ बसवले. त्यात ताकद वाढवायची नसते, कुठे उगाच ताकद लागतेय ते ओळखायचं असतं. लावणीत बोटं चिखल धरून असतात आणि कंबर तासन् तास एकाच कोनात अडकलेली असते. तीच पकड अंथरुणावरही सुटत नाही. तिच्यावर जोर काढलात तर ती आणखी आवळते.

गादी नको, खाली काय टेकतंय ते तिच्यात कळत नाही. कोबा किंवा फरशी पावसात गार असते, म्हणून आधी चटई, वर दुहेरी सतरंजी. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर डोक्याखाली दोन बोटं जाडीची टॉवेलची घडी घ्या. उताणं झोपून गुडघे उभे करा, पावलांत खुब्यांएवढं अंतर ठेवा. टाचा इतक्या जवळ हव्यात की गुडघे न धरता उभे राहतील. ते आत-बाहेर कलंडत असतील तर मांड्या आधीच कामाला लागल्यात, पावलं सरकवून बघा.

आता कमरेखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजा. परकराची नाडी पाठीमागून जाते तिथे बारा, माकडहाडाशी सहा. तीन-नऊ खुब्यांकडे. तीन डावीकडे की उजवीकडे ते तुम्हीच ठरवा, फक्त अर्ध्यात बदलू नका. बाराकडे वजन नेलं की कमरेची पोकळी जमिनीला लागते, सहाकडे नेलं की तिथून हात सरकेल एवढी जागा होते. बाराकडे आठ वेळा जा, मग पाय लांब करून मिनिटभर पडून राहा. सहाकडे आठ वेळा, पुन्हा विश्रांती. मग बारा ते सहा. तीन-नऊ दुसऱ्या दिवशी, आणि पूर्ण गोल चौथ्या-पाचव्या दिवसाआधी नको. गोल फिरताना एखाद्या आकड्यावरून उडी पडते. तिथे थांबून त्याच्या अलीकडे-पलीकडेच चार वेळा जा.

कुल्ले आवळून किंवा उचलून बारा वाजवू नका. पावलं जमिनीत किंचित दाबा, बारा आपोआप येतात. फक्त डावं पाऊल दाबलंत तर डावी बाजू हलकी होऊन वजन उजवीकडे जाईल. हे एकदा जाणवलं की पोट ओढून धरायची गरज उरत नाही. दातावर दात दाबले जात असतील तर हालचाल निम्मी करा.

प्रश्न : पाय लांब करून पावलं हलवली की सगळं अंग डोक्यापर्यंत डोलतं म्हणे. माझं काही डोलत नाही, उलट पोटरीत गोळा येतो.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : हाही फेल्डेनक्राइस यांच्या धड्यांपैकीच. रबरी योगा मॅटवर करत असाल तर पाठ चिकटून बसते. सतरंजीवर करा, मोजे काढून. टाच एका जागी टेकलेली ठेवून चवडा अंगाकडे घेतला की अंग केसभर डोक्याकडे सरकतं, चवडा सैल सोडला की परत येतं. टाच घसरली तर हा धक्का वर पोचतच नाही.

वेगासाठी ओटीवरचा झोपाळा आठवा. अंगठ्याने जमिनीला नुसता स्पर्श करायचा, तोही झोपाळा परत येईल तेव्हाच. मध्येच रेटलात तर तो थडथडतो. इथेही रेटायचं नाही, साधारण सेकंदाला एकदा, आणि दर खेपेला श्वास जुळवू नका. श्वास आपल्या चालीने चालू दे, दोन मिनिटांनी हनुवटी आपसूक वर-खाली डोलू लागेल.

गोळा येतो तो चवडा खाली ताणून बोटं वळवल्यामुळे. पोटरी आखडलेल्या अवस्थेत आणखी आवळली जाते. खाली जाताना पाऊल फक्त सोडायचं, ताणायचं नाही. गोळा आलाच तर चवडा हलकेच गुडघ्याकडे ओढून धरा.

प्रश्न : श्वास रोखून पोट आणि छाती आळीपाळीने फुगवायची, हा प्राणायामच ना?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : दिसायला जवळचा, पण हा फेल्डेनक्राइस यांचा धडा, हेतू वेगळा. यात सुखाने मावेल एवढाच श्वास घेऊन तो धरायचा, मग छाती बसवून पोट पुढे, पोट आत घेऊन छाती वर, असं पाच-सहा वेळा. घुसमट वाटायच्या आत सोडून द्यायचा. बरगड्या आणि ओटीपोट एकमेकांना किती अडवतात ते यात कळतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर हा भाग वगळा, साधा श्वास पुरे.

प्रश्न : आईला मणक्याचा त्रास आहे, वय 68. तिने हे केलं तर चालेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायात बधिरपणा वाढतोय, चालताना चप्पल निसटते, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं काही असेल तर हे धडे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाहीतर सहा-बारा एवढंच, दहा मिनिटं, जेवणानंतर दोन तासांनी. जमिनीवर उतरणं जमत नसेल तर लाकडी बाकावर चटई टाकून. उठताना सरळ उठू देऊ नका. गुडघे एका कुशीवर पाडून, हाताने रेटत बसायचं, आणि उभं राहण्याआधी तिथेच मिनिटभर थांबायचं.