चौदा जोड आहेत, आणखी बावीस घेऊ का?

ह्यूस्टनजवळच्या केटीहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. त्यातलं कामाचं तेवढं आधी सांगतो.

वय ३९, तेलसेवा कंपनीत इंजिनीअर, एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डच्या रांगेत. पत्नी, दोन मुलं. महिन्याचा खर्च ६,४०० डॉलर, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले २१,००० डॉलर. सहा वर्षांपूर्वी ह्यूस्टन रोडिओला (घोडे-बैलांवर स्वारीच्या खेळांची जत्रा) जाण्यासाठी पहिला काउबॉय बूट घेतला आणि नाद लागला. आज घरात १४ जोड आहेत आणि त्यांवर ६,२०० डॉलर गेलेत. आता एका वृद्ध गृहस्थांच्या पश्चात त्यांचं घर रिकामं होतंय आणि मुलं वडिलांचे २२ जोड एकगठ्ठा ९,००० डॉलरला द्यायला तयार आहेत. वाचकाचा बेत असा: ४,००० शिलकीतून काढायचे, ५,००० क्रेडिट कार्डाच्या ‘पंधरा महिने शून्य टक्के’ योजनेतून उचलायचे, निम्मे जोड विकून पैसे सोडवायचे, उरलेले गुंतवणूक म्हणून ठेवायचे. आणि नफ्यातून स्वतःच्या मापाचा एक जोड हाताने शिवून घ्यायचा. कारागिराने २,८०० डॉलर सांगितलेत. पत्राच्या तळाशी वहिनींचं वाक्य जसंच्या तसं दिलंय: “जोड चौदा झाले, पाय अजून दोनच आहेत.”

माझं उत्तर: गठ्ठा घेऊ नका. शिवून घ्यायचा जोड मात्र घ्या. दुसरं वाक्य वाचून वहिनी माझ्यावर रागावतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही फोटोंसोबत यादी दिलीत ते बरं केलंत. १९५० च्या दशकापासून ८० च्या दशकापर्यंतचे बूट, काहींवर रंगीत चामड्याचे तुकडे बसवून केलेली फुलं, पाकोळ्या. बघून माझाही जीव जडला. मग मी मापाचा रकाना बघितला. बाविसांपैकी एकोणीस जोड साडेदहा बी आहेत. असणारच, एकाच माणसाचे बूट ते. तुमचं माप नऊ, रुंदी डबल ई. या बुटांत आकडा लांबीचा आणि अक्षर रुंदीचं. बी म्हणजे अरुंद, डी म्हणजे सर्वसाधारण, डबल ई म्हणजे चांगलाच रुंद. लेसच्या बुटात थोडं इकडेतिकडे चालून जातं, दोरी सैल-घट्ट करता येते. काउबॉय बुटाला दोरीच नसते. त्याची सगळी पकड पावलाच्या वरच्या उंचवट्यावर. तिथे जमलं तर पाय आत जाताना ‘टप्’ असा आवाज येतो, नाहीतर टाच दर पावलाला उचलते किंवा पाय आतच जात नाही.

म्हणजे या एकोणिसांतला एकही जोड तुम्ही घालू शकणार नाही. तरीही मी याला संग्रह म्हटलं असतं. पण तुम्ही गुंतवणूक म्हणताय, म्हणून विचारतो: विकायचा कुणाला? सोन्याची बांगडी कुठल्याही सराफाकडे वितळते. बूट वितळत नाही. त्याला साडेदहा बी पायाचाच माणूस लागतो, त्याला जुन्या बुटांची आवड लागते आणि त्याच महिन्यात त्याच्या खिशात पैसे लागतात. शिवाय तुम्ही एकाच मापाचे एकोणीस जोड बाजारात आणणार, म्हणजे तुमचाच एक जोड तुमच्याच दुसऱ्याचा भाव पाडणार.

आता हिशेब. तुम्ही ९,००० ला २२ भागून ४०९ डॉलर जोड धरलात आणि संकेतस्थळावर असेच बूट ६०० ला दिसतात म्हणालात. ते ६०० मागितलेले आहेत, मिळालेले नाहीत. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते, ती बघा. दुसरं, ते कुटुंब रोख किंवा चेकच मागतंय. शून्य टक्क्याच्या योजनेतून चेक काढला तर कार्डवाले चार टक्के आधीच कापतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे २०० डॉलर. तिसरं, त्यातले दोन जोड विकताच येणार नाहीत, ते पुढे सांगतो. राहिले वीस. ९,२०० भागिले वीस, ४६०. त्यात टपालाचे १८ मिळवा, विक्रीचं कमिशन १३ टक्के धरा. वीसच्या वीस विकले तरी, एकही डॉलर न कमावता नुसतं सुटायला सरासरी ५४९ डॉलरला जोड विकला गेला पाहिजे. तुमचा स्वतःचा अनुभव काय? गेल्या वर्षी तीन जोड विकलेत, ७४० ला घेतलेले, हातात आले २६५.

‘नोकोनाचा कारखाना बंद पडलाय, म्हणून ते बूट दुर्मीळ’ हा तुमचा मुद्दा मला आवडला, कारण गोष्ट सुरेख आहे. एच. जे. जस्टिन यांनी १८७९ मध्ये टेक्सासमधल्या स्पॅनिश फोर्टला बुटांचं काम सुरू केलं, रेल्वे आली म्हणून १८८९ मध्ये नोकोना या गावाला हलले. १९२५ मध्ये त्यांच्या मुलांनी धंदा फोर्ट वर्थला नेला, पण मुलगी एनिड हटून बसली आणि तिने नोकोनातच स्वतःची कंपनी काढली. तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, हे खरं. पण त्याआधी सत्तरहून अधिक वर्षं तो बूट बनवतच होता. कारखाना बंद आहे, बूट टेक्सासभर पडलेत. आणि बुटांच्या धंद्यातच पैसे लावायचे असतील तर ते लागलेले आहेत! जस्टिन, टोनी लामा, नोकोना ही नावं २००० मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घेतली. तुमच्या ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातल्या एस अँड पी ५०० फंडात (अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा फंड) बर्कशायर आहेच. कपाट न अडवता, पॉलिश न करता.

फॅशनचंही बघा. १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा ह्यूस्टनमध्ये घडणारा ‘अर्बन काउबॉय’ हा सिनेमा आला आणि ज्यांनी गाय फक्त दुधाच्या पिशवीवर बघितली होती तेही हे बूट घालून नाचायला लागले. काही वर्षांत ती लाट ओसरली. मग १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि टेक्सासच्या बँका बुडाल्या. तुमचा पगार तेलावर, तुमचे संभाव्य गिऱ्हाईकही बरेचसे तेलावर. ज्या महिन्यात तुम्हाला बूट विकायची गरज पडेल, नेमका त्याच महिन्यात घेणारा हात आखडता घेईल. २० एप्रिल २०२० ला तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरवर गेला, तेव्हा तुम्ही ह्यूस्टनमध्येच होतात. ऑफिसात किती खुर्च्या रिकाम्या झाल्या ते आठवा.

ते दोन जोड. तुमच्या यादीत एकावर ‘अँटईटर’ लिहिलंय, त्याच्या कातड्यावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी दिसते. जुन्या बुटांतलं अँटईटर म्हणजे बहुधा पँगोलिन, आपलं खवले मांजर. खवले काढल्यावर उरलेली ती नक्षी. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. चिपळूणकडे त्याला वाचवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं झटताहेत. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून पूर्ण बंदी आहे. दुसरा जोड समुद्री कासवाचा, तोही संरक्षित प्राणी. हे विकायला काढू नका, आणि त्या कुटुंबालाही सांगा की विकण्याआधी वन्यजीव खात्याला विचारा. अजगराच्या कातडीचा जोड नागपूरच्या भावाला न्यायचा विचार आहे, तोही सोडा. परवान्याच्या कागदांशिवाय तो विमानतळावरच राहील. शहामृगाचे बूट वेगळे, ते बहुतेक शेतीतल्या पक्ष्यांचे असतात.

यापेक्षा मोठ्या गोष्टीचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही: व्हिसा. एच-१बीवर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचकडे काम करायची मुभा असते. घरातले जुने बूट विकणं वेगळं आणि विकण्यासाठी २२ जोड घेऊन वर्षभर फोटो, जाहिराती, पार्सलं करत बसणं वेगळं. दुसऱ्याला धंदा म्हणतात. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभं राहून बुटांसाठी असा प्रश्न ओढवून घ्यायचा? मी कर आणि बचतीचा माणूस आहे, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा. पण विचारायची वेळच येऊ देऊ नका. करातही गंमत आहे: स्वतःच्या वापरातली वस्तू नफ्यात विकली तर नफ्यावर कर, तोट्यात विकली तर तोटा वजा मिळत नाही.

आणि नोकरी गेलीच तर एच-१बीवाल्याला फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, नाहीतर चौघांची तिकिटं काढायची, घराचा करार मोडायचा, गाडी पडत्या भावात द्यायची. तुमचे २१,००० म्हणजे सव्वातीन महिने. त्यातले ४,००० काढलेत तर अडीच महिन्यांच्या थोडं वर. तुमच्या परिस्थितीत मी सहा महिने मागतो, म्हणजे ३८,४००. ही रक्कम बुटांसाठी नाही, कशाहीसाठी नाही.

बरं, आता घरातल्या चौदांकडे येऊ. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की चारच पायात असतात. २०१९ चा ४२० डॉलरचा तपकिरी जोड: दोनदा तळ बदलला, त्याचे २२० गेले. आठवड्यातून तीन दिवस, सहा वर्षं, नऊशे दिवस धरा. दिवसाला ७१ सेंट. एवढ्यात ह्यूस्टनमध्ये कॉफीचं झाकणही येत नाही. आणि शहामृगाचा ६५० डॉलरचा जोड तीन वर्षांत नऊ वेळा घातलात: दर वेळेला ७२ डॉलर. दोन्ही तुमच्याच कपाटात आहेत. दुसरा का घातला जात नाही हेही तुम्हीच लिहिलंय, संध्याकाळपर्यंत डावी करंगळी ठणकते.

हे मला चांगलं ठाऊक आहे. डॅलसच्या स्टेट फेअरमध्ये मी १९० डॉलरचा जोड घेतला होता. विकणारा म्हणाला, चामडं आहे, सैल होईल. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहा वर्षं तो जोड कपाटात होता, शेवटी पुतण्याला गेला.

म्हणून शिवून घ्यायचा जोड. तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या मापाने मोठा, पावलाचा उंचवटा जास्त, चवडा रुंद. असा पाय दुकानातल्या खोक्यात बसत नाही. कारागीर दोन्ही पायांची वेगळी मापं घेतो, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चामड्याचे तुकडे चिकटवून तुमच्या पायाचा उंचवटा तयार करतो आणि मग त्यावर बूट ओढतो. तळ वेल्टला, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीला, शिवलेला असतो, त्यामुळे झिजला की बदलता येतो. तळाच्या कमानीत लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या असल्या तर आणखी चांगलं, चामड्यासोबत फुगतात, आक्रसतात, सैल होत नाहीत. हे विचारून घ्या.

पैसे असे. दहा न वापरलेले जोड काढा. त्यांवर तुमचे ४,१०० गेलेत. तुमच्याच अनुभवाने शेकडा ३६ परत येतील, म्हणजे १,४७५ च्या आसपास. आगाऊ रक्कम १,४०० आहे, ती यातून सुटली. ८.२५ टक्के विक्रीकर धरून पूर्ण किंमत ३,०३१. (टेक्सासची ऑगस्टमधली विक्रीकरमाफी शंभर डॉलरच्या आतल्या बुटांना असते, तिची वाट बघू नका.) उरले १,६३१, कारागीर चौदा महिने लावणार, महिन्याला ११७. कार्डाला पंधरा महिने तुम्ही ३३३ भरायला तयार होतातच, तर उरलेले २१६ दर महिन्याला अडीअडचणीच्या खात्यात. तेवढ्याने ३८,४०० होणार नाहीत, बोनसही तिकडेच वळवावा लागेल. आणि चौदा महिने दुसरा कुठलाही बूट नाही, सेलमधलाही नाही.

आगाऊ रक्कम देताना दोन गोष्टी कागदावर घ्या: काम सुरू व्हायच्या आत रद्द केलं तर किती परत, आणि तुम्ही भारतात गेलात तर बूट तिकडे पाठवणार का. दुसऱ्या प्रश्नावर तो हसेल, पण लिहून देईल.

माप द्यायला सकाळी जाऊ नका. दिवसभर उभं राहून झाल्यावर, चार-पाच वाजता जा, पाय तेव्हा खऱ्या मापाचे असतात. रोज जे मोजे घालता तेच घालून. आणि करंगळी कुठे दुखते ते त्याला बोट लावून दाखवा.