असा मी, मग असामी कोण?

प्रश्न असा आला आहे : "‘असा मी असामी’ हे नाव शाळेत असल्यापासून कानावर आहे. परवा पुस्तक हातात घेतलं तेव्हा प्रथमच दिसलं की सुरुवातीला ‘असा मी’ असे दोन शब्द आहेत आणि पुढे ‘असामी’ हा एकच. असामी असा शब्द खरंच आहे, की ती नुसती गंमत? आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट अशी उशिरा दिसते, त्याला मराठीत काही म्हणतात का?"

शब्द आहे, आणि चांगला जुना, दफ्तरात मुरलेला आहे. ‘बडी असामी’ हा वाक्प्रचार अजून ऐकू येतो, पण ‘बडी’ काढून टाकली की असामी एकटी फारशी कुठे भेटत नाही. तुम्हाला शंका आली ती त्यामुळेच.

अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. त्याचं अनेकवचन अस्मा, आणि त्या अनेकवचनाचं पुन्हा अनेकवचन असामी. म्हणजे मूळ अर्थ ‘नावं’. फारसीच्या वाटेने हा शब्द सरकारी कागदांत आला. यादीत नावं असतात, एकेका नावापुढे एकेक माणूस असतो, म्हणून हळूहळू नावाचा अर्थ माणूस झाला. मराठेशाहीच्या कागदांत माणसं मोजताना ‘असामी’ म्हणत. ‘असामीवार’ म्हणजे दरमाणशी. बंगालीत याच शब्दाला कोर्टाची हवा लागली, तिथे आसामी म्हणजे आरोपी. आपल्याकडे मात्र तो प्रतिष्ठितांच्या पंगतीत जाऊन बसला आणि स्त्रीलिंगी झाला. पुरुषाबद्दल बोलतानाही आपण ‘बडी असामी’ म्हणतो.

त्याच ‘इस्म’पासून मराठीत आणखी एक शब्द आला आहे, तो तुम्ही रोजच्या वर्तमानपत्रात वाचता : इसम. ‘एका अनोळखी इसमाने’ अशी बातमीची सुरुवात असते, त्यातला इसम हा असामीचा सख्खा नातेवाईक. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठी आपण पंचनाम्यात वापरतो तो शब्द मुळात ‘नाव’ या अर्थाचा आहे. शब्दांच्या अशा प्रवासाची मला फार मौज वाटते.

आता पुस्तकाकडे. पु. ल. देशपांड्यांचं ‘असा मी असामी’ १९६४चं. त्यातला निवेदक मुंबईतला साधा कारकून, नाव धोंडो भिकाजी कडमडे जोशी. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवायची पूर्वी पद्धत होती. इथे मुलाचं नाव त्यातलं आणि बापाचंही त्यातलंच. वर आडनावाला ‘कडमडणे’ या क्रियापदाचा वास. असा हा माणूस कुठल्याही अर्थाने बडी असामी नाही. पण जुन्या दफ्तरी अर्थाने, म्हणजे यादीतला एक माणूस या अर्थाने, तो शंभर टक्के असामी आहे. ‘असा मी’मध्ये तो स्वतःबद्दल सांगायला उभा राहतो आणि ‘असामी’मध्ये लगेच गर्दीतलं एक डोकं होऊन जातो. अख्ख्या पुस्तकाचा सूर त्या सहा अक्षरांत आहे, म्हणून मी या नावाला पुलंच्या सगळ्या नावांत पहिला नंबर देईन.

अलंकारशास्त्रात याला काय म्हणायचं? शाळेत आपण यमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारी अक्षरं एवढंच शिकतो. जुन्या व्याख्येप्रमाणे तीच अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा यावीत आणि अर्थ मात्र वेगळा निघावा, ते यमक. मोरोपंतांच्या आर्या असल्या यमकांनी भरलेल्या आहेत. एकच शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तो श्लेष, आणि त्यासाठी शब्द फोडावा लागला तर सभंग श्लेष. व्याकरणाच्या पुस्तकातलं उदाहरण बहुतेकांना पाठ असेल : ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी.’ पहिली नवरी म्हणजे वधू, दुसरी ‘न वरी’ म्हणजे वरत नाही. शब्द फोडावा लागतो म्हणून पुस्तकं याला सभंग श्लेष म्हणतात, पण तीच अक्षरं दोनदा येतात म्हणून जुन्या व्याख्येने हे यमकच. ‘असा मी असामी’ हीच कारागिरी आहे, फक्त उलट्या क्रमाने. इथे फोड आधी येते आणि जोड नंतर.

तुम्हाला ते दिसलं नाही याचं एक कारण अगदी साधं आहे. हे नाव बहुतेकांनी आधी ऐकलं, मग वाचलं. पुलं त्याचा एकपात्री प्रयोग करत, पुढे घराघरांत त्याच्या कॅसेट वाजल्या. कानाला दोन शब्दांमधली मोकळी जागा ऐकू येत नाही. ‘असा मी’ आणि ‘असामी’ उच्चारात एकच. ऐकणाऱ्याला ‘असा मी, असा मी’ असं दोनदा म्हटल्यासारखं वाटतं, त्यातही अर्थ लागतो, मग पुढे शोधायला कोण जातो? आणि एकदा ते पुस्तकाचं नाव म्हणून डोक्यात बसलं की छापील अक्षरं समोर असूनही आपण ती वाचत नाही, ओळखतो. संस्कृत पंडितांचा यावर एक न्याय आहे : योगाद् रूढिर्बलीयसी. शब्दाच्या घडणीतून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढ झालेला अर्थ बलवान ठरतो. पंकज म्हटलं की कमळ आठवतं, चिखल कुणालाच आठवत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शब्दखेळ दोन अर्थांवर उभा असतो. त्यातला एक अर्थ, किंवा ज्या ओळीची आठवण करून द्यायची ती ओळ, व्यवहारातून गेली की खेळ तिथेच राहतो आणि दिसेनासा होतो. वाचक मंद नसतो, त्याच्यापर्यंत अर्धंच सामान पोचलेलं असतं.

याचं उत्तम उदाहरण पुलंच्याच दोन प्रवासवर्णनांत आहे. ‘अपूर्वाई’ १९६०चं, इंग्लंड-फ्रान्सकडच्या प्रवासाचं. ‘पूर्वरंग’ १९६३चं, आग्नेय आशिया आणि जपानचं. पूर्वेचे रंग म्हणून पूर्वरंग, हे कुणालाही कळतं. पण ज्याने नारदीय कीर्तन ऐकलं आहे त्याला हा शब्द आधीच माहीत असतो. बुवा सुरुवातीला एखादा अभंग घेतात, त्यातल्या एकेका चरणावर निरूपण करतात, दाखले देतात. तो पूर्वरंग. मग मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि त्याच विषयाला धरून एखादं आख्यान लावतात. तो उत्तररंग. रात्री देवळात बसून कीर्तन ऐकलेल्या पिढीला मुखपृष्ठ पाहताक्षणी दोन्ही अर्थ लागत असणार. आज कीर्तनाशी संबंध न आलेल्या वाचकाला एकच लागतो.

आणि पूर्वरंग नीट कळला की मागे वळून ‘अपूर्वाई’कडे पाहावंसं वाटतं. अपूर्वाई म्हणजे नवलाई, कौतुक. लेक पहिल्यांदा माहेरपणाला आली की तिची अपूर्वाई असते. पण हा शब्द फोडला तर अ-पूर्व. जे पूर्व नाही ते पश्चिम! पश्चिमेच्या प्रवासाला अपूर्वाई आणि पूर्वेच्या प्रवासाला पूर्वरंग, ही जोडी योगायोगाने जमली असं मला वाटत नाही. सुटं वाचलं तर पहिल्या नावात काही दडलं आहे असा संशयही येत नाही, दुसरं शेजारी ठेवल्यावरच ते उघडतं.

पुलंची बाकी नावंही अशी एकदा हलवून पाहा. ‘हसवणूक’ला फसवणुकीच्या साच्यातून काढलं आहे. ‘वंगचित्रे’ हे शांतिनिकेतनातल्या मुक्कामाचं, बंगालचं पुस्तक. त्यात एक ‘य’ घातला की व्यंगचित्रे होतात. ‘जावे त्यांच्या देशा’मागे ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ ही म्हण उभी आहे आणि न लिहिलेलं ‘तेव्हा कळे’ वाचकाने मनात म्हणायचं आहे. ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’मधलं गाळीव हे गाळून शुद्ध केलेलंही आणि गाळलेलंही.

‘ती फुलराणी’ मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे. १९७५चं हे नाटक बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेलं. नायिका फुलं विकणारी, म्हणून फुलराणी, इथवर सगळे येतात. त्यामागे बालकवींची ‘फुलराणी’ आहे, मखमालीसारख्या गवतावर खेळणारी ती भाबडी कळी, हेही शाळेत कविता असलेल्यांना चटकन आठवतं. नावातला ‘ती’ म्हणूनच फार मोलाचा आहे. ‘ती’ म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेली, कवितेतली. पण नायिकेचं नाव मंजुळा आहे, याकडे किती जणांचं लक्ष जातं? मंजुळ म्हणजे कानाला गोड. जिच्या बोलण्यावर सगळं नाटक रचलं आहे, जिची भाषा शुद्ध करायला प्राध्यापक पैज लावून बसतात, तिचंच नाव मंजुळा! आणि ते नाव इतकं सहज, घरगुती आहे की त्यामागे योजना असेल असं वाटतच नाही.

सिनेमातही हेच होतं. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’चं नाव आपण इतक्या वेळा घेतलं आहे की ‘बनवणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ त्यात एकत्र बसलेत हे जाणवत नाही. राहायला खोली मिळावी म्हणून दोन मित्रांना बायका बनवलं जातं आणि त्या निमित्ताने घरमालकिणीला बनवलं जातं. शिवाय मारामारी, फसवाफसवी या घडणीत दोन्ही बाजूंनी चाललेला व्यवहार सुचतो. सोपं नाव दिसतं, पण नेमकं आहे.

टोपणनावांचा विषय निघाला नसता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं. कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, केशवांचे पुत्र. प्रल्हाद केशव अत्र्यांचे वडीलही केशव. म्हणून ‘झेंडूची फुलें’मध्ये समकालीन कवींची विडंबनं करताना त्यांनी घेतलेलं ‘केशवकुमार’ हे नाव अक्षरशः खरं आहे आणि त्याच वेळी मराठी कवितेतल्या सर्वांत मान्यवर नावाचा प्रतिध्वनी आहे. सुत आणि कुमार, अर्थ एकच. कुसुमाग्रज हे नाव तर दर २७ फेब्रुवारीला हजारदा लिहिलं जातं. त्याची फोड ‘कुसुम + अग्रज’, म्हणजे कुसुम नावाच्या बहिणीचा थोरला भाऊ. याच साच्यातलं आधीचं नाव गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी. फुलाच्या अग्राशी कुसुमाग्रजांचा संबंध जोडणारे लोक मला भेटले आहेत. त्या अर्थाला काही आधार नाही.

म्हणून सावधगिरीचीही गोष्ट सांगतो. एकदा हा चष्मा लागला की जिथे काही नाही तिथेही श्लेष दिसू लागतात. मी दोन गोष्टी तपासतो. दुसरा अर्थ त्या काळच्या वाचकाच्या बोलण्यात होता का? आणि तो कलाकृतीला लागू पडतो का? असामी, पूर्वरंग, मंजुळा दोन्ही कसोट्यांना उतरतात. अपूर्वाई पहिल्या कसोटीला निम्मीच उतरते, कारण अपूर्व शब्दाची ‘पूर्व दिशा नव्हे’ अशी फोड बोलताना कुणी करत नाही. दुसऱ्या कसोटीला ती पुरेपूर उतरते, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. कुणी विरोधात असेल तर त्याचं म्हणणं ऐकायला आवडेल.

उशिरा कळण्याला शब्द विचारलात. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ इथे थोडी कमी पडते, कारण तिच्यात माणूस शोधत असतो. आपण तर शोधतच नव्हतो. बोलीतलं ‘आत्ता ट्यूब पेटली’ जास्त जवळचं आहे. चोक-स्टार्टरवाल्या नळीला बटण दाबल्यावर लुकलुकत उजळायला वेळ लागायचा, तोच उशीर त्यात आहे.

राहता राहिला लेखनाचा मुद्दा. नेटवर हे नाव ‘असा मी असा मी’ असंही दिसतं आणि ‘असामी असामी’ असंही. दोन्ही चूक. ‘असा’नंतर जागा सोडा, ‘मी’नंतर सोडा, पुढची तीन अक्षरं सलग लिहा.